परदेशी जाणारे आपले पुरोहित
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील, पाठशाळेत शिकलेले तरुण अमेरिकेतील देवालयांत पूजेअर्चेसाठी जाऊ लागले आहेत, याचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. परंतु या अभिमानाच्या भरात आमच्या हातून एक चूक घडली. ती इतरांच्या हातून घडू नये, एवढ्याच हेतूने आम्ही येथे उभे आहोत.

आमचा एक विद्यार्थी भिक्षुकाच्या घरातला. तिकडील एका देवालयाचे इंग्रजी पत्र घेऊन त्याचे वडील आमच्याकडे आले. आम्ही पडलो गावचे मास्तर. मॅट्रिकच्या इंग्रजीवर पत्र वाचले, पगाराचा आकडा रुपयांत करून सांगितला आणि 'खुशाल पाठवा' म्हणून मोकळे झालो. काम कोणते, तास किती, मुदत कोणती, हे विचारणे आम्हांस सुचले नाही. मुलगा गेला. सकाळची पूजा आटोपली की स्वयंपाकघर, झाडलोट व हिशेबाच्या वह्या हेच त्याचे काम होऊन बसले. येथून निघालो तर घरीच परतावे लागेल, या समजुतीने तो निमूटपणे सोशीत राहिला.

पुढे आम्ही जाणत्यांकडून नियम समजावून घेतले, ते थोडक्यात सांगतो.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार भारतीयांस मोकळे झाले. वस्ती वाढली तशी देवालये उभी राहिली. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातील गणेशमंदिराची प्रतिष्ठा १९७७ साली झाली. पुढे १९९० च्या कायद्याने धर्मकार्यासाठी येणाऱ्यांकरिता 'आर-१' हा तात्पुरता व्हिसा निर्माण झाला. तो सर्व धर्मांच्या सेवकांस लागू आहे. पाद्री काय आणि पुजारी काय, नियम एकच.

यासाठी मूळ अर्ज उमेदवार करीत नाही, बोलावणारी संस्था करते. ती करमुक्त धार्मिक संस्था असावी लागते, आणि उमेदवार अर्जापूर्वीची निदान दोन वर्षे त्याच संप्रदायाचा असावा लागतो. काम आठवड्यास सरासरी किमान २० तासांचे व मुख्यत्वे धार्मिक असले पाहिजे. झाडलोट, दुरुस्ती, कारकुनी, देणग्या गोळा करणे यांस कायदा धर्मकार्य मानीत नाही. वेतन अथवा राहण्याजेवण्याची तजवीज कशी करणार, याचा पुरावा संस्थेस द्यावा लागतो व सरकारी अधिकारी जागेवर येऊन तपासणी करू शकतात. म्हणजे आमचा विद्यार्थी जे सोशीत होता, त्यास त्या कायद्याचा आधार मुळीच नव्हता!

प्रथम जास्तीत जास्त ३० महिने मिळतात. वाढवून एकूण पाच वर्षे. त्यानंतर देश सोडावा लागतो. पुन्हा जाण्यापूर्वी एक वर्ष बाहेर काढण्याची पूर्वीची अट जानेवारी २०२६ मध्ये काढून टाकण्यात आली. पत्नी व २१ वर्षांखालील अविवाहित मुले बरोबर जाऊ शकतात. मात्र त्या व्हिशावर त्यांस नोकरी करता येत नाही. शिकलेल्या सुनेने हे आधीच जाणून घ्यावे. देवालय बदलणे अशक्य नाही; पण नव्या देवालयाने अर्ज करून मंजुरी मिळवल्यावाचून तेथे काम सुरू करता येत नाही. कायमच्या वास्तव्याचा मार्ग निराळा असून त्याची प्रतीक्षा लांबते. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

सर्वच देवालये अशी आहेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी पुरोहितांस घरच्या वडीलधाऱ्याचा मान मिळतो. पण मान मिळो वा न मिळो, कागद वाचूनच घराबाहेर पडावे. संस्थेने सरकारकडे केलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी, कामाचे स्वरूप लेखी घ्यावे, आणि पासपोर्ट आपल्याजवळच ठेवावा.

आमचा विद्यार्थी ३० महिने भरताच परतला. त्याच्या वडिलांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले. म्हणून मंडळास विनंती की, आपल्यांतील वकील व जाणत्या मंडळींची एक लहानशी समिती नेमावी व परदेशचे प्रत्येक पत्र तिने वाचून द्यावे. पत्रे आणून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू. वाचण्याचे मात्र आता एकट्याने करणार नाही.