‘गोदावरी’ नावाची युद्धनौका
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



कोपरगाव, पुणतांबे, प्रवरासंगम ही नावे उच्चारताच आपल्याला गोदास्नानाचे पुण्य आठवते. त्याच गोदामाईचे नाव धारण करणारी एक युद्धनौका दुसऱ्या महायुद्धात हिंदी महासागरात झुंजली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. तिचा वृत्तांत आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

‘गोदावरी’ ही शाही हिंदी नौदलाची स्लूप जातीची नौका. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने ती बांधली आणि १९४३ साली ती नौदलात दाखल झाली. मालवाहू जहाजांच्या तांड्याबरोबर राहावयाचे, प्रतिध्वनीवरून पाण्याखालच्या पाणबुडीचा माग काढावयाचा आणि तिला रोखावयाचे, हे अशा नौकांचे काम. रात्रभर जागून कळप राखणाऱ्या मेंढपाळाचेच हे व्रत होय.

१९४४ च्या ऑगस्टात ‘यू-१९८’ या जर्मन पाणबुडीने आफ्रिकेच्या पूर्वेस ६ व ७ तारखांना लागोपाठ दोन ब्रिटिश जहाजे बुडविली. तिच्या शोधार्थ ‘बेगम’ व ‘शाह’ या विमानवाहू नौकांसह एक पथक निघाले; त्यात आपली ‘गोदावरी’ होती. १२ ऑगस्ट रोजी सेशेल्स बेटांजवळ ‘फिंडहॉर्न’ ही ब्रिटिश फ्रिगेट आणि ‘गोदावरी’ यांनी मिळून त्या पाणबुडीचा शेवट केला. तीवरील ६६ माणसांपैकी एकही वाचला नाही. त्यांच्याही घरी माता वाट पाहत होत्या, हे विसरून विजयाचा डंका पिटणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

फाळणीत ‘गोदावरी’ पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचे नाव ‘सिंध’ झाले. इकडे ती परक्या ध्वजाखाली लढलेली, तिकडे परक्या नावाने लढलेली! अशा नौकेचे स्मरण कोणी करावे? पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या ‘गोदावरी’ने १९८३ ते २०१५ अशी बत्तीस वर्षे स्वतंत्र भारताची सेवा केली, म्हणून नाव तेवढे राहिले.

बंधुभगिनींनो, रक्षक नौकेचे यश डोळ्यांना दिसत नाही. बुडालेल्या जहाजाची नोंद होते. सुखरूप बंदरास लागलेल्याची बातमी होत नाही. जी गत नौकेची, तीच तिच्यावरील खलाशांची. नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे, गावोगावी भूदलातील वीरांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु या कोरड्या जिल्ह्यातून कोणी दर्यावर चाकरीस गेला असेल, तर त्याचे नाव आज कोण सांगणार? ती पिढी आता बहुतेक निघून गेली आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच : आपापल्या घरची जुनी ट्रंक उघडून पाहावी. एखादे पदक, एखादे सेवापुस्तक, बंदरावरून आलेले एखादे पत्र सापडले, तर ते रद्दीत जाऊ न देता त्याची नक्कल संस्थेकडे पाठवावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या नावांना एक पान मिळाले, तर गोदेच्या या लेकरांचे ऋण काही अंशी फिटेल.