चित्रपटांचा राष्ट्रीय सन्मान आणि आपला नारळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, चित्रपटांना दिल्लीत जे राष्ट्रीय पुरस्कार देतात त्यांच्याविषयी बोलते. त्यांना नवल वाटले. वर्धापनदिनाला सिनेमाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहीजणींच्याही मनात आले असेल. पण आपले मंडळही दरवर्षी 'आदर्श माता' म्हणून एका भगिनीची ओटी भरते, तिला साडी आणि नारळ देते. त्या सत्काराचा आणि माझ्या विषयाचा जवळचा संबंध आहे. तो कसा, हे शेवटी सांगते.

23 सप्टेंबर 2025 ला दिल्लीच्या विज्ञान भवनात हा समारंभ झाला. घट बसून दुसरा दिवस होता. आपल्या मराठवाड्यात पावसाने पिके पाण्यात होती, कुणाचे चित्त ठिकाणावर नव्हते. तरी टीव्ही लावला होता. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पुरस्कार देत होत्या. त्यांच्यापुढे साडी नेसलेली एक चिमुरडी मुलगी आली. 'नाळ 2' ह्या मराठी चित्रपटात काम केलेली ती त्रीशा ठोसर. मोठमोठ्या नटांच्या रांगेतून ती न बुजता पुढे गेली आणि सारे सभागृह टाळ्या वाजवू लागले. माझ्या सूनबाईने हातातली परात खाली ठेवली आणि तीही टाळ्या वाजवू लागली. त्याच समारंभात उत्तम मराठी चित्रपटाचा मान सुजय डहाके यांच्या 'श्यामची आई'ला मिळाला.

'श्यामची आई' हे नाव दिल्लीत पहिल्यांदा घेतले गेले ते 1954 साली. हे पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाले. 1953 सालच्या चित्रपटांतून साऱ्या देशात उत्तम म्हणून राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. बंगाली, तमिळ, हिंदी असे सारे चित्रपट असताना पहिला मान एका मराठी आईच्या कथेला मिळाला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. दुसऱ्या वर्षी अत्र्यांच्याच 'महात्मा फुले' ह्या चित्रपटाला मराठीसाठीचे रौप्यपदक मिळाले. नंतर मात्र सर्वश्रेष्ठ चित्रपटाचा मान पुन्हा मराठीकडे येण्यास पन्नास वर्षे लागली. तो 2004 साली संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने आणला. आजोबा आणि डोळ्यांचे दुखणे झालेला नातू यांची ती कथा. त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' यांनाही तो मान मिळाला. 'कासव' करणाऱ्या दोघांपैकी एक सुमित्रा भावे, म्हणजे आपल्यासारखीच एक बाई.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. 1954 साली पदक मिळाले ते चित्रपटाला. श्यामच्या आईचे काम वनमालाबाईंनी केले होते. लोक त्यांना पाहून रडत, पण त्यांना पदक मिळाले नाही, कारण अभिनयाला पदक देण्याची रीतच तेव्हा नव्हती. ती 1967 च्या चित्रपटांपासून सुरू झाली, आणि नटीचा पहिला मान नर्गिसबाईंना मिळाला. म्हणजे वनमालाबाईंचे काम उणे नव्हते, नियम उणा होता. नियम करणाऱ्यांच्या जे ध्यानात येत नाही, त्याचा सन्मान होत नाही. पण नियम सुधारता येतो, हेही त्यावरून दिसते.

चित्रपटसृष्टीतला सर्वांत मोठा सन्मान दादासाहेब फाळके यांच्या नावाने 1969 सालापासून देतात. तो पहिला देविका राणी यांना मिळाला. पुढे दुर्गा खोटे, लता मंगेशकर, आशा भोसले ह्या आपल्या महाराष्ट्राच्या स्त्रियांनाही मिळाला. पण दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकले आहे? 1913 सालचा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला तेव्हा पैशासाठी त्यांचे दागिने गेले. काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला. आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे कामही त्यांनीच केले. ती भोके नसती तर चित्र पुढे सरकलेच नसते! पडद्यावर त्या दिसल्या नाहीत. हरिश्चंद्राची राणी तारामती हीसुद्धा साळुंके नावाच्या पुरुषाने साडी नेसून केली, कारण त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळत नसे.

नंतरच्या काळात मराठी नटींना जे मान मिळाले, ते कोणत्या कामासाठी, हेही पाहण्यासारखे आहे. 'बाबू बँड बाजा' ह्या 2010 च्या चित्रपटासाठी मिताली जगताप यांना उत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला. त्यातली आई दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर भांडी देते आणि मुलाने शाळेत जावे म्हणून नवऱ्याशी भांडते. 'धग' ह्या 2012 च्या चित्रपटासाठी उषा जाधव यांना तोच मान मिळाला. त्यातली आई स्मशानात काम करणाऱ्याच्या घरची आहे. दोघींच्याही घरात ना पैसा, ना प्रतिष्ठा. त्यांची मुले साहेब झाली म्हणून काही देशाने त्यांचे कौतुक केले नाही. त्या कशा झगडल्या ते पाहून केले.

भगिनींनो, आता आपल्या नारळाकडे येते. गेल्या वर्षी 'आदर्श माता' निवडण्याच्या समितीत मी होते. आम्ही एक अट घातली होती, की निदान एक मूल तरी पगाराच्या नोकरीवर हवे. नावे मागवली. त्यात एका विधवा बहिणीचे नाव आले. ती कापूस वेचते, हंगामात ऊसतोडीला जाते. तिच्या पोरांची शाळा सुटली आहे. मेलेल्या नणंदेची पोर तिने पदराखाली घेतली आहे. तिचे नाव वाचले, आणि आम्ही हसलो. मीही हसले. ती बहीण त्यानंतर मंडळात आली नाही.

दिल्लीचा समारंभ पाहिल्यावर मी साने गुरुजींचे पुस्तक पुन्हा काढले. श्यामची आई कशी होती? घर कर्जात बुडालेले, राहते घर सुटलेले, अंगावर दुखणे. श्याम अजून शिकत होता तेव्हाच ती गेली, आणि त्या वेळी तो जवळही नव्हता. आमच्या अटीने त्या माउलीलासुद्धा नारळ मिळाला नसता! आपल्याच तालुक्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. मुलगा बोहल्यावरून निघून गेला, असे सांगतात. त्या दिवशी गावाने राणूबाईंना काय नावे ठेवली असतील? त्या दिवशी सत्कार असता, तर त्यांना कुणी बोलावले असते?

मी त्या बहिणीच्या घरी गेले. चुकले म्हणाले. तिने चहा केला. मग म्हणाली, "बाई, नारळ नव्हता पाहिजे मला. पण माझं नाव वाचल्यावर तुम्ही समद्या हसल्या, ते माझ्या पोरानं दारात उभं राहून ऐकलं." यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, नोकरीची अट काढून टाकावी. दोन, दिल्लीला ज्याचा चित्रपट स्पर्धेत असतो त्याला परीक्षक होता येत नाही. आपणही समितीत शेजारच्या गावच्या दोन भगिनी घ्याव्यात आणि समितीच्या घरातले नाव घेऊ नये. तीन, 'आदर्श' हा शब्द सोडावा. कुणी काय केले ते एका वाक्यात लिहून सभेत वाचावे, आणि त्या कामाचा सत्कार करावा. जिला मान मिळणार नाही तिचेही काम वाचावे, म्हणजे कुणाच्या नावावर कुणी हसणार नाही.

दिल्लीच्या पदकात सोने आहे, आपल्या नारळात खोबरे आहे. पण दोन्ही हातात पडल्यावर माणसाला एकच वाटते, की माझे कष्ट कुणी तरी पाहिले. आपण नीट पाहू या, एवढेच माझे मागणे. माझे काही चुकले असेल तर बहीण समजून पोटात घाला.