मनाचा आजार आणि आपलं घर

(वर्षावासातील व्याख्यानमालेत विहारात केलेले भाषण)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मला वाटलं होतं की निम्म्या चटया रिकाम्या राहतील. तसं झालं नाही, बरं वाटलं. हा विषय अनेक घरांत आहे, पण कुणाच्या ओठांवर नाही. मधुमेह झाला तर शेजारणीला साखर किती आली ते आपण सांगतो. मुलाला मनाचा आजार झाला की दार लावून घेतो, आणि कुणी विचारलं तर "मामाकडे गेलाय" म्हणून सांगतो.

सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी २७ वर्षं परिचारिका होते. स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार बहुतेक वेळा सतरा-अठरा ते तिशीच्या आत डोकं वर काढतात. म्हणजे नेमके केव्हा? ज्या मुलासाठी आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन कॉलेजची फी भरली, तो घरातला पहिला पदवीधर व्हायची वेळ आली, तेव्हा. पोरगा अभ्यासातून उठतो. रात्र रात्र जागतो, आंघोळ टाळतो, एकटाच पुटपुटतो, शेजारी माझ्याविरुद्ध कट करतात म्हणतो. घरचे म्हणतात आळशी झाला, कुणी म्हणतं मुलीच्या नादाला लागला, मोबाइलने बिघडला. यात वर्ष-दोन वर्षं जातात. उपचाराला जितका उशीर, तितकं सावरणं जड.

आणि मग काय होतं ते स्पष्टच बोलते, राग मानू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या घराघरांत त्या भिंतीवर आहेत. त्याच घरातून लेकराला घेऊन रात्रीच्या एस.टी.ने भगताकडे जाणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांना हसत नाही. बुडणारा माणूस काडीचाही आधार घेतो. पण मनगटावर दोराचे वळ घेऊन आलेल्या मुलांच्या जखमा मी या हातांनी धुतल्या आहेत. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताच आलं नाही. २८ जण गेले. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा उपाय म्हणजे लग्न. "बायको आली की ताळ्यावर येईल." लग्नाने आजार जात नाही. एक घर दुःखात होतं, तिथे फसवली गेलेली मुलगी आणि तिचे आईवडील मिळून दोन घरं दुःखात पडतात.

तिसरा उपाय खास आपल्या समाजातला. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवून द्यायचं. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, मी स्वतः बसलेली आहे. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असं शिबिराच्या नियमावलीतच सांगितलेलं आहे. ज्याला आधीच कानात आवाज ऐकू येतात, त्याला दहा दिवस मौनात बसवलं तर आजार उफाळू शकतो. फॉर्म भरताना आजार लपवू नका. आधी डॉक्टर.

डॉक्टरांच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्याआधी झोप, हातापायांचा ताठरपणा, तोंडाला लाळ, नंतर वजन वाढणं, असले त्रास दिसतात आणि घरचे म्हणतात, गोळ्यांनीच पोरगा बिघडला. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. गोळ्या घेतच नसेल तर काही औषधं महिन्याच्या इंजेक्शनातूनही मिळतात. मनाने मात्र बंद करू नका. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या आणि आजार उलटला, असे रुग्ण मी इतके पाहिले की मोजणं सोडून दिलं.

आता घरातल्या बोलण्याबद्दल. लंडनला जॉर्ज ब्राऊन या संशोधकाने १९५० नंतरच्या काळात रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. त्यातून पुढे दिसलं ते असं, की ज्या घरात सतत टोमणे आणि दोष देणं, किंवा श्वास घेऊ न देणारी काळजी असते, तिथे आजार जास्त वेळा उलटतो. म्हणजे आईबापामुळे आजार होतो असं नाही हं! ते ओझं कुणी डोक्यावर घेऊ नका. पण "तुझ्या वयाची पोरं नोकरीला लागली" हे रोज जेवताना ऐकवलं तर गोळीचं काम आपण पुसून टाकतो. आपल्याकडे अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत राहायला बोलावलं आणि रुग्णाशी कसं वागायचं ते शिकवलं. कुटुंबाला शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही.

तो म्हणाला, "भिंतीतून मला शिव्या देतात," तर "काहीतरी बरळू नको" म्हणू नका, आणि "हो, मलाही ऐकू आलं" असंही म्हणू नका. म्हणा, "मला काही ऐकू येत नाही बाळा, पण तुला येतं ना? भीती वाटते का?" त्याला पटवून द्यायचं नसतं, त्याच्याजवळ बसायचं असतं.

जगण्यात अर्थ नाही म्हणाला तर मात्र सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, उंदराचं औषध, कीटकनाशक घरातून काढा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो.

आता विहाराकडे येते. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याला वेड लागलं होतं. उपोसथाला कधी यायचा, कधी यायचा नाही, कधी आठवायचं, कधी आठवायचं नाही. तथागतांनी त्याला संघातून काढलं नाही. संघाने त्याच्यासाठी रीतसर संमती करावी असं सांगितलं, म्हणजे तो आला काय, न आला काय, त्याला दोष नाही आणि संघाचं कामही अडत नाही. पुढे गग्ग बरा झाला. तरी इतर भिक्खू त्याला वेडाच्या भरात केलेलं उकरून काढून टोचत राहिले. तो सांगायचा, मी तेव्हा भानावर नव्हतो, मला आठवत नाही. तरी सोडेनात. तेव्हा त्या काळातल्या वागण्याचा दोष त्याच्यावर नाही, असा निर्णय संघाने द्यावा असं तथागतांनी सांगितलं. त्याला अमूळ्हविनय म्हणतात.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला हे सुचलं. आपल्या वस्तीत बरा होऊन आलेला मुलगा वंदनेला बसला तर शेजारची चटई सरकते. मुलं "येडा आला" म्हणून ओरडतात, आणि मोठी माणसं हसतात. त्याची आई पुढच्या पौर्णिमेला येत नाही.

त्या आईबद्दल बोलायला हवं. सगळा भार तिच्यावर. बाप बाहेर तरी पडतो, काही जण गुत्त्यावरही जातात. ती घरात. आठवड्यातून एक दुपार महिला मंडळातल्या कुणीतरी तिच्या घरी बसावं. औषध देऊ नका, उपदेश तर मुळीच नको. भाजी निवडत बसा, तिला दोन तास झोपू द्या. आणि मुलाला विहारात काम द्या. चटया घालणं, वाचनालयाची नोंदवही लिहिणं. चुकलं तर चुकू दे.

माहितीसाठी सांगते. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २०२२ साली सुरू झाला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आजार बरीच वर्षं चालला असेल तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही मिळू शकतं.

भोजनदान झाल्यावर मी मागे बोधिवृक्षाच्या पारावर बसते. ज्यांना सर्वांसमोर विचारायचं नसेल त्यांनी तिथे यावं. गोळ्यांच्या चिठ्ठ्या, जुनी फाइल असेल तर सोबत आणा, आज नसेल तर पुढच्या रविवारी आणा. जय भीम.