ऋण बोलून फिटत नाही

(पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांच्या निरोप समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



निरोपाची भाषणे बहुधा गुरुजनांची स्तुती आणि भावी आयुष्याच्या शुभेच्छा यांत संपतात. आज आपण ती चाकोरी सोडलीत. प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातील एकेक प्रसंग सांगितला. सुरगाण्याहून आलेल्या भगिनीच्या बोलीला पहिल्या वर्षी वर्ग हसला, तेव्हा तिची वसतिगृहातील मैत्रीण रोज रात्री तिच्याकडून उतारे मोठ्याने वाचून घेत असे. दुसऱ्या एका बंधूने खानावळीच्या काकूंचे स्मरण केले. घरून पैसे यायला उशीर झाला, तरी त्यांनी त्याचे ताट कधी बंद केले नाही. तिसऱ्याने ग्रंथालयातील सेवकांचे ऋण मानले. परीक्षेच्या दिवसांत वेळ संपल्यानंतरही ते दिवे मालवीत नसत. यांच्यापैकी कोणाचेही नाव महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात छापलेले नाही. पण महाविद्यालय हे एक कुटुंब असेल, तर ते अशाच माणसांनी उभे केलेले आहे.

पदवीधराला आपल्याकडे ‘स्नातक’ म्हणतात. गुरुगृही अध्ययन पूर्ण झाले, की समावर्तनाच्या वेळी विधिपूर्वक स्नान करून शिष्य घरी परतत असे, म्हणून तो स्नातक. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्यांनी अशा शिष्याला केलेला उपदेश आहे. त्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या आचरणात जे चांगले असेल तेवढेच घे, इतर घेऊ नकोस, असे स्वतः आचार्यच तेथे सांगतात. म्हणजे कृतज्ञता ही भाटगिरी नव्हे. वर्ग हसला, हेही त्या भगिनीने आज याच व्यासपीठावरून सांगितले. त्यामुळे संस्थेचा अवमान झाला नाही. उलट, पुढील वर्षी येणाऱ्या मुलीला कोणी हसू नये, याची जबाबदारी येथे बसलेल्या प्रत्येकावर आली.

एका विद्यार्थ्याने मात्र स्वतःची कथा सांगितली नाही. त्याने आपल्या शेजारी बसणाऱ्या मित्राची कथा सांगितली. दुसऱ्या वर्षी त्या मित्राच्या घरचे कपाशीचे पीक हातचे गेले. दिवाळीला गावी गेलेला तो मुलगा परत आलाच नाही. आजच्या यादीत त्याचे नाव नाही. हे ऐकताना सभागृहात जी शांतता पसरली, तिचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. जो मध्येच गळाला, तोही याच कुटुंबातला होता.

शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने आणि आपण घेतलेले ज्ञान पुढच्याला देण्याने. नुसत्या भाषणाने ते फिटत नाही. महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. कोकणातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. त्यांनी हे दुःख कुरवाळले नाही. १८८४ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे थोड्याच वर्षांत, आपल्या मिळकतीतील लहानसा हिस्सा गावासाठी बाजूला काढायचा, या कल्पनेतून ‘मुरूड फंड’ उभा राहिला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ ही त्यांची पुढची कार्ये सर्वांना ज्ञात आहेत. पण त्या डोंगराएवढ्या कार्याआधी एक साधा फंड होता, याचा आपल्याला विसर पडतो. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुले माधुकरी मागून शिकली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. गरिबीमुळे कोणाचे शिक्षण थांबू नये, हाच या सर्वांचा ध्यास होता.

म्हणून माझी आपल्याला तीनच कामे सुचविण्याची इच्छा आहे. आपली पुस्तके रद्दीत न घालता जाण्यापूर्वी ग्रंथालयाच्या पुस्तकपेढीत जमा करा. पहिला पगार हाती येईल, तेव्हा त्यातील एक छोटा वाटा एका विद्यार्थ्याच्या खानावळीसाठी ठेवा आणि तो दर महिन्याला नियमाने द्या. तिसरे काम पैशाचे नाही. आपल्या गावचा जो मुलगा वा मुलगी येथे प्रवेश घेईल, त्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापासून वसतिगृहातील पहिल्या आठवड्यापर्यंत सोबत करा. बहुतेक मुले बुद्धी कमी म्हणून शिक्षण सोडीत नाहीत. कागद अपुरा राहतो, पैसा वेळेवर येत नाही आणि विचारायला जवळ कोणी नसते, म्हणून ती परततात.

आणि तो जो मित्र परतला नाही, त्याच्या घरी या सुट्टीत दोघे-चौघे अवश्य जाऊन या. आलेल्यांना पाणी देताना त्याची आई काय बोलेल, ते शांतपणे ऐका. उरलेली वर्षे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पूर्ण करता येतील का, हे त्याच्याबरोबर बसून पाहा. राष्ट्रकार्य हा शब्द आपण मोठ्या आदराने उच्चारतो. त्या घराच्या ओसरीवर आपल्याला त्याचा प्रारंभ करता येईल.