पडद्यावरचा अजगर

श्रोतेहो, गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. घरी टीव्हीवर 'द जंगल बुक' हा डिस्नी कंपनीचा १९६७ सालचा चित्रपट लागला होता. माझी आठ वर्षांची मुलगी शेजारी येऊन बसली. बाळू अस्वल नाचू लागले, तशी तीही नाचली. पण 'का' नावाचा अजगर आला, डोळ्यांत रंगीत चक्रे फिरवीत त्याने मोगलीला विळख्यात घेतले, आणि पोरीने माझा दंड घट्ट धरला.

"अगं, नुसतं चित्र आहे ते," असे म्हणून मी मोकळा झालो. पण रात्री तिला परसात एकटे जाववेना. चित्र खोटे असले, तरी भीती खरी होती.

मग शाळेतून मूळ पुस्तकाचे भाषांतर आणले. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. १८९४ सालच्या या पुस्तकात मोगलीचे रान आहे ते सिवनीचे, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याला लागून उत्तरेकडचे. रोज दिवेलागणीला एक-दोन पाने वाचू लागलो.

पुस्तकातला का निराळाच निघाला. माकडे मोगलीला पळवून एका ओसाड नगरात कोंडतात, तेव्हा बाळू आणि काळा बिबट्या बघीरा मदत मागतात ती काकडेच. डोक्याच्या धडकांनी संगमरवरी जाळी फोडून तो पोराला सोडवतो. माकडांना तो भूल घालतो खरा. मोगलीचा मात्र तो मित्र.

मुलगी विचारात पडली. "अण्णा, मग चित्रवाल्यांनी त्याला वाईट का केलं?"

मी म्हटले, "तुला काय वाटतं?"

"साप म्हटलं की सगळे भितातच. मग वेगळं काही सांगावंच लागत नाही."

श्रोतेहो, हे उत्तर मला सुचले नसते.

पुढे पावसाळ्यात आमच्या ओढ्याकाठी खरोखरच अजगर निघाला. माणसे काठ्या घेऊन धावली. मुलगी माझ्या पाठीशी लपली, तिचे हात थरथरत होते; पण ती ओरडली, "मारू नका!" अजगर बिनविषारी, उंदीर-घुशी खाणारा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे, हे मी सर्वांना सांगितले. वनखात्याची माणसे येईपर्यंत काठ्या खाली राहिल्या.

तिची भीती गेली असे मी म्हणणार नाही. पण भीती वाटते म्हणून मारायचेच, असे नाही, एवढे तिला कळले.

म्हणून आईबापांना आणि गुरुजनांना एकच विनंती. मुलांना चित्रपट जरूर दाखवा, पण शेजारी बसा. नंतर मूळ गोष्ट वाचा, आणि काय बदलले, का बदलले, हे त्यांनाच विचारा. उत्तराची घाई मात्र करू नका.