दारू सुटली, आता जमीन सोडवायची

(कोयना-चांदोली भागातल्या गावांच्या बैठकीत जावळी तालुक्यातल्या एका कातकरी साथीने केलेले भाषण.)



मला भाषण येत नाही. माझ्यावर गुदरलं तेवढं सांगतो. शिराळ्याकडची मंडळी लांबून आलीत, त्यांनीही ऐकावं. ही गोष्ट एका वाडीची नाही.

मी अठरा वर्षं पीत होतो. कोळशाच्या भट्टीवर जायचो. मुकादम उचल द्यायचा, वर बाटली द्यायचा. हंगाम संपला की हिशेबात बाटल्याच जास्त. अंगावर फिटलेलं काहीच नाही, मग पुन्हा उचल.

आमचा नाचणी-वरीचा तुकडा बापानं कसलेला. त्याचा वनहक्काचा दावा टाकला. समिती जागा बघायला आली त्या दिवशी हद्द मी दाखवायची होती. बांध कुठं, बापानं लावलेला आंबा कुठं, हे मलाच माहीत. आणि मी ओढ्याच्या कडेला पडलेलो. निम्मी जमीन नोंदायची राहिली. ग्रामसभेच्या ठरावावर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. ते ६० दिवसही मी गुत्त्यात घालवले.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. बायको म्हणाली, "पिलास तू, पण जमीन माझीबी गेली." तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी हात उचलला असता. आधी उचललेला आहे. पण ह्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. भगत झाला, देवाची शपथ झाली. भावानं खोलीत कोंडलं, तर तिसऱ्या दिवशी फिट आली. साथींनो, हे नीट ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, नाही ते दिसतं, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर पाहिजे. आणि जेवणात चोरून औषध घालू नका. वरून तो प्याला तर जिवावर बेततं.

सातारला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथं मला पहिल्यांदा कुणी हरामखोर न म्हणता आजारी म्हटलं. गटात बसवलं. एक मास्तर होता, एक तासगावकडचा द्राक्षबागवाला होता. जात वेगळी, पैसा वेगळा, थरथर एकच. आजार म्हटलं म्हणून आपली जबाबदारी सुटत नाही, हेही तिथंच शिकलो.

घरी आलो आणि शिमग्याला पुन्हा प्यालो. वाटलं, संपलं सगळं. पण वाडीतली दोन माणसं हसली नाहीत, मला घेऊन पुन्हा सातारला गेली. मी सुटलो तो त्या दोघांमुळं. त्यानंतर दोन शिमगे कोरडे गेलेत.

गावातलं परवान्याचं दुकान बायांच्या मतानं बंद होतं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. ते जरूर करा. पण नुसतं दुकान बंद होऊन माझा हात थरथरायचा थांबला नसता. दुकानाबरोबर माणसाकडंही बघा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जवळपास १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या गावानं दारूचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी हातात घेतला होता. शुद्धीत बसलेली ग्रामसभाच जंगल राखू शकते.

म्हणून माझं मागणं एवढंच. प्रत्येक वाडीनं दोन माणसं ठरवावीत. सोडायची म्हणणाऱ्याबरोबर त्यांनी दवाखान्यात जावं, आणि तो घसरला तरी परत जावं. दाव्याच्या तारखेला जातो तसंच.

राहिलेल्या तुकड्याचा अर्ज मी पुन्हा दिलाय. निकाल अजून नाही. या खेपेला जागा बघायला येतील, तेव्हा मी बांधावर उभा असेन.

जिंदाबाद!