एका यंत्रांत अनेक बिऱ्हाडें

जुन्या वाड्यांत दहा-बारा बिऱ्हाडें नांदत असत. प्रत्येकाचें दार वेगळें, चूल वेगळी. विहीर आणि छप्पर मात्र एकच. बँकांचे व इस्पितळांचे हिशेब ज्या डेटा सेंटरमध्यें ठेवलेले असतात, तेथेंहि आज हीच व्यवस्था आढळते. एका मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, अनेक आभासी सर्व्हर चालतात. त्यांस जागा वांटून देणारा व एकमेकांच्या घरांत शिरूं न देणारा जो कारभारी, त्यास हायपरव्हायझर म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९७४ सालीं पोपेक व गोल्डबर्ग यांनीं अशा कारभाऱ्याचीं तीन लक्षणें सांगितलीं: काम खऱ्या यंत्रावरच्याप्रमाणेंच चालावें, वेग फारसा घटूं नये, आणि साधनांवरील ताबा कारभाऱ्याकडेच राहावा. आज व्हीएमवेअर, झेन, केव्हीएम, हायपर-व्ही असे अनेक कारभारी उपलब्ध आहेत.

परंतु निवडीपूर्वीं मोजमाप हवें. चालू यंत्रांवरील भार निदान एक महिना मोजावा, व त्यांत महिनाअखेरची गर्दी अवश्य यावी. सर्व बिऱ्हाडें एकाच क्षणीं राबत नसल्यानें प्रोसेसर थोडा अधिक जणांत वांटतां येतो. मेमरीच्या बाबतींत मात्र अशी उधारी महागांत पडते. समजा, चार सर्व्हर आहेत व प्रत्येकांत २५६ जीबी मेमरी आहे. बेरीज १०२४ होते खरी. पण एक सर्व्हर बंद पडल्यास त्यावरील सारा संसार उरलेल्या तिघांत सामावला पाहिजे. म्हणून वांटप ७६८ च्याहि आंतच ठेवावें, कारण कारभाऱ्यासहि स्वतःपुरती मेमरी लागतेच. पूर्वीं एक यंत्र बिघडलें तर एक काम अडे. आतां वीस कामें एकदम अडतात. मुख्य डेटाबेस व त्याची राखीव प्रत हीं दोन्ही एकाच सर्व्हरवर ठेवणें म्हणजे पेटीची दुसरी किल्ली पेटींतच ठेवण्यासारखें आहे.

मग निवडीचा प्रश्न. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉम कंपनीनें व्हीएमवेअर विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यांत कायमच्या परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत लागू केली. अनेक संस्थांना आपला जुना हिशेब नव्यानें मांडावा लागला. केव्हीएम व झेन यांना परवान्याची किंमत नाहीं. मात्र तीं सांभाळण्यास जाणतीं माणसें लागतात, आणि त्यांच्या वेतनाचा खर्च विसरून चालत नाहीं.

यास्तव चाणाक्ष व्यवस्थापक करार करण्यापूर्वींच एक परीक्षा घेतो. दोन-तीन कमी महत्त्वाचीं आभासी यंत्रें तो दुसऱ्या कारभाऱ्याकडे हलवून पाहतो, राखीव प्रतीवरून तीं पुन्हां उभीं करतो, आणि किती तास लागले तें लिहून ठेवतो. तो आंकडा हातीं आल्यावरच किंमतीची बोलणीं करणें शहाणपणाचें. ज्यास घर सोडण्याचा मार्ग ठाऊक आहे, त्यासच भाडें ठरवितांना ताठ बसतां येतें.